होयबाची साक्ष

त्या न्हाव्याला सगळे ‘होयबा’ म्हणायचे आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. खुर्चीतला माणूस काहीही बोलो, मागून उत्तर ठरलेलं: “बरोबर आहे.” नळाला पाणी कमी येतं? बरोबर आहे. हल्ली पाणी बरं येतं? तेही बरोबर. यात लबाडी नव्हती, धंद्याची रीत होती. ज्याच्या गळ्यावर आपला वस्तरा आहे त्याच्याशी वाद घालू नये, माणूस दचकतो, हे वडिलांनी त्याला हातात वस्तरा देण्याआधी शिकवलं होतं. मतदानाच्या दिवशीसुद्धा तो दुकान उघडून बसायचा. कोणी विचारलंच, तर संध्याकाळी जातो म्हणायचा, आणि संध्याकाळी गिऱ्हाईक असायचं.

दुकानाच्या बाजूने एक अरुंद बोळ जायचा. त्याच्या एका तोंडाला होयबाचं घर, दुसऱ्या तोंडाला सरकारी दवाखाना. घरात तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. साखरेच्या दुखण्यामुळे ताईच्या पायाची जखम भरत नव्हती. पट्टी बदलायला ती काठी टेकत, भिंतीला हात लावत या बोळातून जायची. मोठा रस्ता लांबचा आणि ट्रकांचा, तो तिच्याच्याने झालाच नसता.

बोळाला लागून एक गोदाम होतं. गोदामवाल्यांनी बोळाला दोन्हीकडून फाटक लावून कुलूप घालायचा अर्ज केला. दाढी करून घेता घेता त्यांनी ते होयबाला ऐकवलं, आणि हा सवयीने “बरोबर आहे” म्हणून मोकळा झाला. दुपारी निवृत्त मास्तर केस कापायला आले. त्यांनी अर्जावर हरकत घेतली होती. रस्ता सगळ्यांचा, तो एकाच्या कुलपात जाता कामा नये, असं ते तावातावाने सांगत होते. होयबा त्यांनाही तेच म्हणाला, फक्त या वेळी मनापासून.

दोन्ही डगरींवर हात ठेवल्यावर जे व्हायचं तेच झालं. गोदामवाल्यांनी साक्षीदार म्हणून होयबाचं नाव दिलं आणि मास्तरांनीही त्याचंच दिलं. वॉर्ड ऑफिसातून सुनावणीचं बोलावणं आलं तेव्हा त्याच्या पाचावर धारण बसली. गोदामातले सगळे हमाल त्याचं गिऱ्हाईक. मालक फिरले की तेही फिरणार. आणि मालकांच्या बाजूने बोलावं, तर ताई घरात कोंडली जाणार. ताईला त्याने यातलं काहीच सांगितलं नाही. आजारी माणसाला कशाला घोर, असा विचार त्याने केला.

सुनावणीची खोली लहान होती, पंखा कुरकुरत होता. अधिकारी बाईंनी दोघांचं म्हणणं ऐकून घेतलं, मग होयबाकडे पाहून विचारलं, की तुम्ही नेमके कोणाच्या बाजूने? गोदामवाले हसत होते, मास्तर मान डोलावत होते. उभ्या आयुष्यात होयबाला कोणी त्याचं मत असं समोर बसवून विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्याने ते दिलं नसतं.

“मी दोघांनाही हो म्हणालो होतो,” तो म्हणाला. “पण बोळ बंद होऊ नये. तो माझ्या बहिणीचा दवाखान्याचा रस्ता आहे. आणि माझाही आहे.”

गोदामवाल्यांचं हसू मावळलं. रस्ता तुमचा, मग त्यातली घाण कोणाची, असं त्यांनी विचारलं. रोज सकाळी केसांचे पुंजके पडलेले असतात, ते काय आमच्या पोत्यांतून गळतात? खोलीत दोघंतिघं हसले. होयबाला नाही म्हणता आलं असतं, न्हावी काही तो एकटाच नव्हता.

“ते मीच टाकतो,” तो म्हणाला.

बाईंनी ते लिहून घेतलं. शुक्रवारी स्वतः येऊन बोळ बघते, मग निकाल देते, असं सांगून त्यांनी सुनावणी थांबवली. गोदामवाले होयबाकडे न बघता निघून गेले. आपण धंद्यावर पाणी सोडलं की काय, हे त्याला कळेना, पण छाती हलकी झाली होती हे खरं.

घरी येऊन त्याने ताईला सगळं सांगितलं. ती शाबासकी देईल असं त्याला वाटलं होतं, खोटं कशाला सांगा. ताई पाय उशीवर ठेवून बसली होती.

“चालते मी, आणि साक्ष तू देऊन आलास,” ती म्हणाली. “मला विचारलं का रे कोणी? तू तरी?”

तिला त्रास नको म्हणून, असं काहीतरी तो पुटपुटला.

“त्रासाचं सांगू नकोस. पट्टी सोडताना नर्स आधी त्यातले केस वेचून काढते. तुझ्या दुकानातले. इतकी वर्षं बोलले नाही, भाऊ आहेस म्हणून.”

होयबा खाली तिच्या पायाकडे बघत राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“शुक्रवारी मला बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून दे,” ताई म्हणाली. “त्या बाईंशी माझं मी बोलेन.”

“केसांचंही सांगणार?”

“तेही सांगणार,” ती म्हणाली.