तेरा ठोक्यांचा तारा आणि ईदची गवाही

आमचे हे, म्हणजे अक्कलकुव्याचे नासिर पिंजारी, दिवसभर कापूस पिंजायचे आणि दिवेलागणीला मान वर करून उभे राहायचे. माझं डोंबलाचं नशीब! शेजारच्या दगूबाई विचारायच्या, "हलीमा, नवऱ्याचं वर काही हरवलंय का गं?"

हे बघायचे एक चालता तारा. कुणीतरी वर सोडलेल्या रॉकेटचं ते रिकामं नळकांडं, असं पेपरात आलं होतं. ते कोलांट्या खात जातं आणि उन्हाची बाजू आली की लखकन चमकतं. घड्याळ आमच्याकडे कुठलं? पण पिंजाऱ्याचा हात झोपेतही एका लयीत पडतो. हे मांडीवर ठोके देत मोजायचे. दिवाळीत दोन चमकांमध्ये अकरा ठोके, मग बारा, रमजानात तेरा. "त्याचं फिरणं मंदावतंय," असं चौकात सांगत सुटले. गप्प बसतील तर शपथ!

व्हायचं तेच झालं. ईदचा चाँद बघण्यात यांची नजर गावात पहिली. वीस वर्षं यांच्याच गवाहीवर ईद ठरायची. चौसष्ट साली मशिदीतले बुजुर्ग शकीलमियाँ म्हणाले, "याला चालते तारे दिसतात. याची गवाही नको." त्या दिवशी हे पाण्यावर रोजा सोडून उठले, भाकरीला हात लावला नाही. माझाही जीव तुटला.

एकोणतिसाव्या रोज्याला आमच्या घरामागच्या मैदानात सगळे जमले; चाँद दिसला तर उद्या ईद, नाहीतर तिसावा रोजा. मी परसातल्या कुडाशी उभी. पश्चिमेला नेमके ढग. दोघं-तिघं ओरडले, "दिसला!" खोदून विचारलं तर डोकं खाजवू लागले. हे बाजूलाच होते. अंधारू लागलं तसे एकदम म्हणाले, "शकीलमियाँ, मन्हा तारा उना. तेरा ठोकासवर चमकी. मोजा तुम्हीच."

यांनी मांडीवर ठोके धरले, शकीलमियाँनी बोटं. तेराला लखकन! पुन्हा तेरा, पुन्हा लखकन! मग तर सगळं मैदानच मोजू लागलं.

तारा दिसेनासा झाला तेव्हा शकीलमियाँनी यांचा हात धरला. "नासिर, चुकनू रे भाऊ. आते तूच सांग. चांद दिसना का?"

सगळे यांच्या तोंडाकडे बघत होते. घराघरात शेवया काढून ठेवलेल्या, माझे शिरखुर्म्याचे बदाम भिजत पडलेले. हो म्हणा हो, मी मनात म्हणत होते. एक हो म्हटलं की ईद!

"नही दिसना," हे म्हणाले.

सगळ्या मोहल्ल्याने दुसऱ्या दिवशी तिसावा रोजा धरला. त्या रात्री घरी आल्यावर बदामांवरून मी यांना चांगलं झापलं. मग गरम भाकरी वाढली आणि यांच्यासमोरच रडून घेतलं.