अण्णांच्या दुकानातल्या चुका

शिंप्याच्या दुकानात किस्से साठायला वेळ लागत नाही. हात गुंतलेले, तोंडं मोकळी! पन्नास-पंचावन्न सालापासून मी कानडी मुलखात, चामराजपेटेत अण्णांच्या दुकानात पँटच्या मशीनवर बसायचो. तेव्हा पोट धरून हसलो, ते किस्से आता सांगायला घेतले की हसू अर्ध्यावरच राहतं. तरी सांगतोच.

*

आमच्यात सगळ्यात लहान गणपत, जेमतेम विशीचा. त्यानं एकदा एका प्रोफेसरांची पँट कापली, ती चांगली वीतभर आखूड! प्रोफेसर लालबुंद. अण्णांनी शांतपणे विचारलं, "सर, धाकटा मुलगा केवढा आहे?" झालं! ती पँट मुलाला बसवली, प्रोफेसरांना दुकानातर्फे दुसरी. गणपत रडवेला झाला, तर अण्णा म्हणाले, "अरे, स्वल्प चुकलं. तुझ्या वयात मी आख्खा कोट वाया घालवलाय!"

*

हाच गणपत पुढं सिनेमात हीरो व्हायला मद्रासला पळाला. थोड्याच दिवसांत परत, गालफडं बसलेली. दारात उभा, आत यायचा धीर होईना.

अण्णा मान वर न करता म्हणाले, "हीरो, बाह्या राहिल्यात तुझ्या."

बसला मशीनवर! विषय संपला.

*

आमच्याच दुकानातल्या दत्तोबांचं तसं झालं नाही. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पंचेचाळिशी उलटल्यावर मनात आलं, आपलं स्वतःचं दुकान हवं. बिऱ्हाड मोडून हुबळीला गेले, रेडिमेडचं दुकान टाकलं. वर्षभरात बुडालं! परत आले तेव्हा त्यांच्या मशीनवर दुसरा कारागीर. त्यालाही पोरंबाळं. अण्णा तरी काय करणार? काजं-बटणांचं काम दिलं, त्याची मजुरी ती केवढी!

"बरंय की," दत्तोबा म्हणायचे, "बटण चुकलं तर उसवता तरी येतं!"

आम्ही हसायचो. मग त्यांच्या थोरल्यानं शाळा सोडली, आणि कुणाला हसू येईना. माझं तर डोकंच फिरायचं. गणपतही गेला होता, दत्तोबाही गेले होते. एकाची नुसती थट्टा झाली, दुसऱ्याच्या घराची दशा. हा कुठला न्याय, सांगा!

*

साठीनंतर अण्णांना दिसेनासं झालं. कबूल करतील तर शपथ! "बल्ब मिणमिणतोय रे, बदला." बदलला. "हाही तसलाच! कंपन्या फसवतात हल्ली."

डॉक्टरकडे चला म्हटलं की खेकसायचे, "कटरचे डोळे गेले म्हणून गावभर होऊ दे, मग कापड कोण देईल माझ्या हातात?"

कटिंगच्या टेबलाशिवाय त्या माणसाला दुसरं काही नव्हतं हो.

*

आणि मग तो लग्नाचा कोट आला. सासऱ्यानं दिलेलं उंची लोकरी कापड, बोटभरही जास्तीचं नाही. अण्णांनी स्वतः कापलं. कोटाला पुढचे दोन भाग, एक उजवा, एक डावा. अण्णांनी दोन्ही डावेच कापले! कापडाची सुलट बाजू कुठली, हे त्यांना दिसलंच नव्हतं. जुळवायला घेतल्यावर आम्हाला कळलं.

ट्रायलच्या दिवशी नवऱ्या मुलाचे वडील आले. कापलेले भाग टेबलावरच होते. अण्णा उठून उभे राहिले.

तेवढ्यात गणपत पुढं झाला. "माझ्या हातून झालं, साहेब."

वडिलांनी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. मग जरा निवले. "पोरगं आहे, जाऊ दे. पण अण्णा, माझं एवढं ऐका. ज्यानं हे कापलं, त्याच्या हातात पुन्हा कात्री देऊ नका!"

"सरी, बरं," अण्णा म्हणाले. "नाही देत."

वडील गेले. अण्णांनी गळ्यातला टेप काढला, गुंडाळला, कात्रीशेजारी ठेवला आणि दोन्ही गणपतपुढं सरकवली.

गणपत हात लावेना.

"घे रे," अण्णा म्हणाले, "मी शब्द दिलाय."