वर बघणाऱ्या बाई

विभावरी आगाशे यांचा न्यूझीलंडमध्ये पहिला अपमान केला तो एका सीडी प्लेअरनं, आणि ती गोष्ट त्या कधीच विसरल्या नाहीत.

पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. नवऱ्याला, म्हणजे चारुदत्तला, पामर्स्टन नॉर्थच्या एका संशोधन संस्थेत मातीच्या अभ्यासाचं काम मिळालं म्हणून २०११ मध्ये दोघं मुलीला घेऊन इकडे आले. इथल्या शाळेत शिकवायचं तर आधी इंग्रजी येत असल्याची परीक्षा द्यावी लागेल, असं कळल्यावर बाईंना हसू आलं. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांच्या इंग्रजीवर लाल पेन चालवलं त्यांनी परीक्षेला बसायचं म्हणजे गंमतच होती. पण गंमत फार टिकली नाही. वाचनात त्या अव्वल आल्या आणि ऐकण्यात अर्ध्या गुणानं आपटल्या. एका थंडगार हॉलमध्ये टेबलावरचा काळा डबा बोलत होता, त्या डब्याला तोंड नव्हतं, डोळे नव्हते. आता काय महत्त्वाचं येतंय आणि काय नुसतं पाल्हाळ आहे ते त्याच्याकडे बघून कळण्याची सोयच नव्हती. दुसऱ्या खेपेला बाई पास झाल्या, पण सीडी प्लेअरवरचा त्यांचा राग गेला नाही.

"माणूस माणसाचं तोंड बघून ऐकतो," असं त्यांनी चारुदत्तला कितीदा ऐकवलं असेल याची गणती नाही. चारुदत्त दर वेळी हो म्हणे. मातीचा अभ्यास करणाऱ्या माणसाला वाद घालायची सवय नसते.

२०१४ मध्ये बाईंना एका हायस्कुलात परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवायचं काम लागलं, एका वर्षाच्या करारावर. वर्गात अकरा मुलं होती, सगळी चीनमधून आलेली, सोळा-सतरा वर्षांची. वर्षाला चार सत्रं, आणि दर सत्राच्या शेवटी त्यांची दोन भागांत परीक्षा व्हायची, एक वाचनाची आणि एक सीडीवरून ऐकण्याची. दोन्हींत साठच्या वर गुण मिळाले की मूल शाळेच्या नेहमीच्या वर्गात जाणार, इथल्या मुलांबरोबर बसून गणित, फिजिक्स, केमिस्ट्री शिकणार. नाही मिळाले तर आणखी एक सत्र बाईंच्याच वर्गात बसून इंग्रजी.

वाचनाचा काही प्रश्न नव्हता. पानभर उतारा असो नाही तर चार पानांचा, ही मुलं भुईमुगाच्या शेंगा सोलाव्यात तशी उत्तरं काढून ठेवायची. ऐंशी, पंच्याऐंशी, एकीला तर ब्याण्णव. ती यीफान. बारीक चणीची, केस कानामागे सारून बसणारी ही मुलगी केमिस्ट्रीसाठी इतकी आसुसलेली होती की बाईंच्या वर्गातही तिच्या पेन्सिल बॉक्सच्या झाकणावर मूलद्रव्यांचा तक्ता चिकटवलेला असे. पण ऐकण्यात तिला पहिल्या सत्रात चौतीस मिळाले, दुसऱ्यात अडतीस.

बाईंना यीफानचं दुःख बरोबर समजलं. समजणारच, कारण ते त्यांचंच होतं. त्या तडक विभागप्रमुखांकडे गेल्या. मरियन ही उंच, मोकळी बाई, पाऊस असो वा थंडी, पायात कायम जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. बाईंनी आपलं म्हणणं मांडलं. मुलांना इंग्रजी कळतं, फक्त डब्यातलं कळत नाही. तिसऱ्या सत्राची परीक्षा शाळेनं स्वतःच तयार केली आहे, मग उतारे सीडीवरून कशाला ऐकवायचे? मी वर्गात उभी राहून वाचते.

"स्वीट अ‍ॅज, विभा," मरियननं इथल्या बोलीत होकार दिला. "करून बघ."

सप्टेंबरात परीक्षा झाली. शेतकरी गुरांच्या डॉक्टरला फोन करतो, टौरंगाच्या पॅकहाउसमध्ये किवीफ्रूटची प्रतवारी कशी होते, लायब्ररीचं कार्ड हरवलं तर काय करायचं, असे आठ उतारे होते. बाईंनी ते स्वच्छ, न घाई करता वाचले. अकरापैकी नऊ मुलं साठच्या वर गेली. यीफानला अठ्ठ्याहत्तर मिळाले.

शाळेत बाईंचं नाव झालं. स्टाफरूममध्ये ज्यांनी कधी चहाचा कप पुढे सरकवला नव्हता ते उठून "गुड ऑन यू" म्हणाले. मरियननं सांगितलं की पुढच्या वर्षी बाईंचा करार कायमचा करावा असं ती मुख्याध्यापकांना लिहिणार आहे. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या संध्याकाळी समोरच्या वाऱ्याला न जुमानता त्या सायकलवरून घरी आल्या आणि चारुदत्तला म्हणाल्या, "मी सांगत होते की नाही?" चारुदत्त हो म्हणाला.

सत्र संपायला एक आठवडा होता. शुक्रवारी वर्ग सुटल्यावर यीफान मागे थांबली. तिनं बाईंना एक कार्ड दिलं. त्यावर स्वतः काढलेलं बाईंचं चित्र होतं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि डोळे चष्म्याच्या वरून समोर. चित्र इतकं हुबेहूब होतं की बाईंना हसू आवरेना. खाली लिहिलं होतं, आमच्याकडे बघितल्याबद्दल आभार.

"मिस, एक प्रश्न आहे," यीफान आपल्या जपून जुळवलेल्या इंग्रजीत म्हणाली. "केमिस्ट्रीचे मिस्टर डॉसन. तेपण बघतात का?"

"बघतात म्हणजे?"

"उत्तर येतं तेव्हा. तुम्ही बघता तसं, वर. चीनमध्ये आमचे फिजिक्सचे सर टेबलावर पेन वाजवायचे. दोनदा. म्हणजे हे परीक्षेत येणार. तुम्ही पेन वाजवत नाही, तुम्ही बघता. आम्हांला सगळ्यांना पहिल्या आठवड्यात कळलं."

तिच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. चांगली शिक्षिका काय करते ते ती कौतुकानं सांगत होती. मिस्टर डॉसनना विचारून सांगते, असं काहीतरी बोलून बाईंनी तिला घरी पाठवलं.

पुण्यात एकेका वर्गात साठ-साठ मुली असायच्या. धडा वाचता वाचता महत्त्वाचं वाक्य आलं की बाई क्षणभर थांबायच्या आणि चष्म्यावरून वर्गाकडे बघायच्या. तेवढ्यानं साठ पेन्सिली खाली यायच्या आणि वाक्याखाली रेघ पडायची. "अधोरेखित करा" हे शब्द तोंडानं उच्चारायची त्यांना बावीस वर्षांत गरजच पडली नव्हती. ही सवय आपल्याबरोबर विमानानं इथवर आली असेल हे मात्र त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. इथल्या मुलांसमोर वाचलं असतं तर बहुधा कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण ही मुलं पेन वाजवणाऱ्या सरांच्या हाताखाली तयार झालेली होती. शिक्षकाच्या पापणीचा केससुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

तरी बाईंना खात्री करून घ्यायची होती. शनिवारी दुपारी त्यांनी तेरा वर्षांच्या स्वानंदीला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं.

"तुझे ते हेडफोन लाव. गाणं मोठ्यानं लाव. मी बोललेलं एक अक्षर ऐकू येता कामा नये."

"व्हाय?"

"लाव ग. मी वाचीन. मी वर बघितलं की तू टेबलावर टिचकी मारायची."

बाईंनी किवीफ्रूटचा उतारा वाचला. त्यात आठ प्रश्नांची उत्तरं दडलेली होती. वर बघायचं नाही असं मनाशी घट्ट ठरवून त्या वाचत होत्या, आणि तरी टिचक्या पडल्या सात. साती बरोबर ठिकाणी. आठव्या वेळी चारुदत्तनं गॅसवरच्या दुधाकडे बोट दाखवल्यामुळे बाईंचं लक्ष तिकडे गेलं होतं.

"आई, यू ऑल्वेज डू दॅट," स्वानंदी हेडफोन काढत म्हणाली. "टीव्हीवरची न्यूज सांगतानापण. बाबांना विचार."

बाईंनी चारुदत्तकडे बघितलं. चारुदत्त हो म्हणाला.

म्हणजे अकरा मुलांनी ऐकण्याची परीक्षा डोळ्यांनी दिली होती, आणि त्यांना पेपर फोडून देणाऱ्या दुसऱ्यातिसऱ्या कुणी नसून खुद्द आगाशे बाई होत्या. ज्यांनी बावीस वर्षांत कॉपी करणाऱ्या एकाही मुलीची गय केली नव्हती त्या.

"कुणाला कळणारे?" चारुदत्त दूध उतरवत म्हणाला. "मुलांनी मुद्दाम केलं नाही, तू मुद्दाम केलं नाहीस. पुढच्या वेळी सीडी लाव म्हणजे झालं. तुझं पर्मनंट व्हायचंय, विभा. आणि त्या पोरीला केमिस्ट्री हवीये ना?"

तो काही वाईट बोलत नव्हता, आणि खरं तर बाईंनाही अगदी तेच वाटत होतं. कायमची नोकरी त्यांना हवी होती, फार हवी होती. या गावात त्या अजून आगाशे बाई झाल्या नव्हत्या, चारुदत्तची बायको होत्या. पण रविवारभर त्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येत राहिलं. मिस्टर डॉसनच्या वर्गात यीफान बसली आहे, केस कानामागे, मान वर, आणि डॉसन भराभर बोलतायत आणि तिच्याकडे बघत नाहीत. ती वाट बघतेय. सगळ्यांनी लिहून घेतलं तरी ती वाटच बघतेय.

सोमवारी सकाळी बाई मरियनसमोर उभ्या राहिल्या आणि कार्डापासून टिचक्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं. मरियन हसली नाही आणि रागावलीही नाही. तिनं ते कार्ड हातात घेऊन बघितलं. मग निकाल रद्द झाला. गुरुवारी सीडीवरून पुन्हा परीक्षा झाली आणि अकराच्या अकरा मुलं साठच्या खाली आली. यीफानला एक्केचाळीस मिळाले. कायमच्या कराराचं पत्र मुख्याध्यापकांकडे गेलंच नाही; आणखी एक वर्ष बघू, असं ठरलं. स्टाफरूममध्ये चहाचे कप पुन्हा आपापल्या जागी गेले.

सगळ्यांत जड गेलं ते मुलांना सांगणं. बाईंनी साध्या शब्दांत सांगितलं की चूक माझी आहे, तुमची नाही. यीफान कार्ड दिल्याचा पश्चात्ताप झाल्यासारखी बाकावर मान खाली घालून बसली होती. सुट्टी लागेपर्यंत ती बाईंशी एक शब्द बोलली नाही.

चौथं सत्र सुरू झालं त्या दिवशी बाईंनी खुर्ची फिरवली. वर्गाकडे पाठ करून, खिडकीबाहेरच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्यांकडे तोंड करून त्या बसल्या आणि वाचू लागल्या. वर्गाकडे पाठ करून वाचणं त्यांना किती जिवावर आलं ते सांगून कळायचं नाही. शिक्षकानं वर्गाला पाठ दाखवायची नसते हे त्या नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकल्या होत्या. पहिले आठ दिवस मागे नुसती चुळबुळ ऐकू आली. कुणी तरी सुस्कारा टाकी, कुणी पेन पाडी. बाई वाचत राहायच्या. रोज सकाळी तीन उतारे, कधी सावकाश, कधी मिस्टर डॉसन बोलतील तसे भरभर. उत्तराचं वाक्य आलं की मान अजूनही आपोआप वर जायचीच, पण समोर पवनचक्क्या असायच्या, आणि त्यांना काही लिहून घ्यायचं नव्हतं. पाचव्या आठवड्यात बाईंच्या लक्षात आलं की मागे अगदी शांत आहे. मुलं ऐकत होती.

नोव्हेंबरच्या शेवटी परीक्षा झाली. त्या दिवशी बाईंना वर्गात यायची परवानगी नव्हती; मरियननं स्वतः सीडी लावली. सात मुलं पास झाली. यीफानला त्रेसष्ट मिळाले.

फेब्रुवारीत शाळेचं नवं वर्ष सुरू झालं. बाईंच्या वर्गात नवी नऊ मुलं आली, आणि त्यांच्यासाठीही खुर्ची पहिल्या दिवसापासून खिडकीकडेच होती. आठवड्याभरानं दुपारच्या सुट्टीत दारात यीफान येऊन उभी राहिली. हातात केमिस्ट्रीची वही होती.

"कसे आहेत मिस्टर डॉसन?" बाईंनी विचारलं. "बघतात का?"

"एकदापण नाही," यीफान म्हणाली. "ते सारखे फळ्यावर लिहितात. लिहिताना बोलतात. पूर्ण तास आमच्याकडे पाठ. बाकीची मुलं तक्रार करतात, काही कळत नाही म्हणतात." तिनं वही उघडून बाईंसमोर धरली. दोन्ही पानं भरलेली होती, आणि जागोजागी वाक्यांखाली रेघा होत्या. "मला कळतं, मिस. मला वाटतं तुम्हीच वाचताय."

बाईंनी चष्मा काढला आणि पदर नव्हता म्हणून कार्डिगनच्या टोकानं तो पुसत बसल्या.