पाय लागला तेव्हा

उत्तरेश्वर नेमका कोणता खेळ खेळतो हे लिंबागणेशजवळच्या त्याच्या गावात कुणालाच धड ठाऊक नव्हतं, पण तो चॅम्पियन आहे याबद्दल कुणाला शंकाही नव्हती. पहिल्या विजेतेपदानंतर बीडच्या बसस्टँडसमोर त्याचा फ्लेक्स लागला. त्यात छपाईवाल्याने त्याच्या हातात हॉकीची काठी दिली होती. जिल्ह्यात गोल्फचं मैदान औषधालाही नाही, तेव्हा दोष तरी कुणाला द्यायचा!

आईबाप ऊसतोडीला जायचे. पुण्याचा मामा गोल्फच्या मैदानावर माळी होता, त्याने भाच्याला ठेवून घेतलं. उत्तरेश्वर साहेबलोकांच्या खेळाच्या काठ्यांच्या पिशव्या वाहू लागला. साहेब गेले की मोडक्या काठीने चेंडू मारायचा. विशीत तो व्यावसायिक खेळाडू झाला. पुढे देशातल्या मोठ्या स्पर्धा जिंकल्या, परदेशात खेळून आला.

चाळिशीकडे झुकताना मात्र त्याच्या आत काहीतरी बधीर झालं. जिंकलं तरी काही वाटेना, हरलं तरी वाटेना. बाप रामप्रसाद गेला, तेव्हा राख सावडून तो दुसऱ्या दिवशी सरावाला हजर. लोक म्हणाले, काय धीराचा गडी! धीर कसला डोंबलाचा, आत काही हलतच नव्हतं.

हार वाढली तसा पिशवी उचलणारा माणूस दुसऱ्या खेळाडूकडे गेला. तेव्हा बायको मंगल पुढे आली.

"तोडीला नवरा-बायको जोडीनंच जात्यात की," ती म्हणाली. "म्या धरते पिशवी."

गेल्या हिवाळ्यात पुण्याची स्पर्धा आली. ही जिंकली तरच पुढच्या वर्षी व्यावसायिक स्पर्धांत त्याला जागा होती, नाहीतर खेळ आटोपला. कमीत कमी फटक्यांत चेंडू भोकांत घालेल तो जिंकतो; शेवटच्या भोकाला उत्तरेश्वर एका फटक्याने पुढे होता. चेंडू झाडाखालच्या पाचोळ्यात गेला. शोधता शोधता मंगलचा पाय त्याला निसटता लागला.

ज्याच्यावर घर चालतं त्याला पाय लागला! ती चटकन वाकली, चेंडू उचलून कपाळाला लावला आणि होता तिथेच अलगद ठेवला. पाय लागल्याला दंड नव्हता. उचलल्याला होता. पिशवीवाल्याने चेंडू उचलला की खेळाडूच्या नावावर एक फटका चढतो, आणि या खेळात ते ज्याचं त्यानेच सांगायचं असतं.

दुसरं कुणी पाहिलं नव्हतं. उत्तरेश्वरने हात वर केला, पंचाला बोलावलं आणि दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त टाक म्हणावं तितक्या सहज सांगून टाकलं. बरोबरी झाली. जादा खेळवलेल्या भोकावर समोरचा जिंकला. उत्तरेश्वरने त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मंगल पिशवीला धरून उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दोघं गावी आले. दोन दिवस मंगल कामापुरतंच बोलत होती. तिसऱ्या दिवशी तो ओट्यावर चहा पीत बसला होता, तेव्हा ती समोर येऊन बसली.

"माझ्यापायी गेलं तुमचं सगळं. शिव्या तरी द्या."

"कावून देऊ? चुकून झालं."

"मंग पाय लागल्यावर काय करायचं आसतंय तितं?"

"काय न्हाई. तसंच हुबं राहायचं."

"हात लावायचा न्हाई?"

"न्हाई."

"पाया पडायचं न्हाई, काईच न्हाई?"

"काईच न्हाई, मंगल."

ती त्याच्याकडे बघत राहिली. राग नव्हता तिच्या नजरेत, कीव होती.

"तुमाला जमतंय ते," ती म्हणाली. "लई वर्सं झाली, तुमी तसंच हुबं हाईत. मला न्हाई जमायचं."

ती उठून आत गेली. चहा निवला होता. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उत्तरेश्वरला आपण हरलो असं वाटलं.