गळ्याचं ऑपरेशन आणि पारशीकाकांची कॅसेट

“आवाज जाईल, पण जीव राहील,” डॉक्टर म्हणाले. लॅरिंक्सचा कॅन्सर, म्हणजे गळ्यातल्या स्वरयंत्राचा. आमचे हे खुर्चीत ताठ बसून होते. मीच वेड्यासारखं विचारलं, “परत कधी येईल आवाज?” डॉक्टरांनी चष्मा काढला. “नाही येणार, बेन.”

सुरतेत प्लेगची पळापळ होऊन गेली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आम्ही खान्देशातले, राहायला कोसाडला. हे कडोदऱ्याला लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर कामाला होते. कितीतरी महिने यांचा आवाज बसलेला. मी म्हणायची, फुंका अजून बिड्या! ज्येष्ठमध झाला, हळदीचं दूध झालं. तुम्ही असं करू नका. आवाज बसून उठेना झाला, तर आधी घसा दाखवा.

बायोप्सी झाली, म्हणजे गळ्यातला बारीकसा तुकडा काढून तपासला. मग लॅरिंजेक्टॉमी. त्यात अख्खं स्वरयंत्र काढतात आणि मानेला पुढून भोक ठेवतात. त्याला स्टोमा म्हणतात. माणूस पुढे जन्मभर तिथूनच श्वास घेतो. हे सगळं आम्हाला आधी सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि बघणं वेगळं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला धरून उभी राहिले.

जखम चांगली भरत होती. माणूस मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेला. लिहायला पाटी दिली, तर हातात घेतली नाही. ओठ हलवायचे ते फक्त डॉक्टरांनी दटावल्यावर, आणि मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. मी “काय? काय?” करायची. मग तेही बंद झालं. यांनी आता माझ्याशी बोलणंच सोडलं, अशी धास्ती मी घेतली.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारे पारशीकाका होते. उशाशी छोटा टेपरेकॉर्डर. एका दुपारी यांच्या लूमवरचे सोबती जगनभाऊ भेटायला आले होते, तेव्हा काकांनी कॅसेट लावली. आधी नुसती खरखर, कढईत मोहरी तडतडावी तशी. मग कुणीतरी लांबवर विव्हळायला लागलं. सावकाश, दम घेत घेत, पुन्हा तेच.

“कोण गातंय हो हे?” मी विचारलं.

“कोई गातुं नथी, बेन. आ तो वाजुं छे,” काका म्हणाले. तोंडानं फुंकायचं पितळी वाद्य, ट्रम्पेट. जॅझ म्हणतात या संगीताला, आणि ही अमेरिकेतली फार जुनी तबकडी, कॅसेटवर उतरवून घेतलेली. त्यांच्या बायकोची आवडती. ती गेल्यापासून ते रोज ऐकत होते.

माझं डोकंच फिरलं. “काका, बंद करा ते! दवाखान्यात कसलं रडगाणं लावता? इथे माणसं आधीच अर्धी झालीत.”

काकांनी बिचाऱ्यांनी हात पुढे केला, तोच हे भिंतीकडून वळले. ओठ भराभर हलत होते. मला काही कळेना. जगनभाऊ मात्र पुढे झुकून तोंडाकडे बघत राहिले. लूमच्या खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. तिथे सगळे ओठ बघूनच बोलतात.

“वहिनी, भाऊ म्हनतात, बंद नका करू,” जगनभाऊ म्हणाले. “म्हनतात, तो रडतोय. रडू दे त्याले.”

आणि हे रडायला लागले. तोंडातून आवाज नाही. मानेच्या भोकातून नुसती हवा, फस्स फस्स. ऑपरेशन ठरल्यापासून पहिल्यांदाच. माय वं, मग मीही मोठ्यानं गळा काढला. नर्स धावत आली नि दारातच थांबली. काकांनी डोळे मिटले होते. ते वाजणं संपेपर्यंत कुणी हललं नाही.

त्या दिवसापासून मी पाटी बाजूला ठेवली आणि जगनभाऊंकडून ओठ बघायला शिकले. यांनीही तोंड फिरवणं सोडलं. तुमच्या घरी असं झालं, तर माणसाच्या तोंडाकडे बघा, घाई करू नका. डॉक्टरांनी जीव वाचवला, त्यांचे उपकार आहेतच. पण माझा माणूस माझ्याकडे वळवला तो काकांनी.

काका घरी गेलेच नाहीत. वॉर्डातच संपले. शेवटी शेवटी त्यांनी कॅसेट यांच्या हातात दिली होती.

कोसाडला परत आल्यावर पहिल्या सुट्टीच्या दिवशी आम्ही शेजारचा टेपरेकॉर्डर आणून ती काकांसाठी लावली. शेजारणी उंबऱ्याशी येऊन बसल्या. कुणाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी एकीनं पदर डोळ्याला लावला. वाद्य थांबलं तेव्हा यांनी टाळी वाजवून मला आपल्याकडे बघायला लावलं. ओठ गोल झाले, मिटले, उघडले. सुमन. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी मला चारचौघांत नावानं हाक मारली नव्हती.

मी ओ दिली.