उत्तर चुकली

इमारत बांधण्याआधीच ती किती तापेल आणि एसीला किती वीज लागेल, हे मी कॉम्प्युटरवर काढते. साकीनाक्याच्या एका ऑफिसचा नकाशा कागदावर मावावा म्हणून आर्किटेक्टने फिरवला होता. मी मठ्ठासारखी कागदाची वरची बाजू उत्तर धरली आणि तिकडून थेट ऊन येत नाही, पूर्ण काच चालेल, असं लिहून दिलं.

ऑफिस सुरू झाल्यावर दुपारी चारला तिथे गेले, तर त्याच काचेतून ऊन थेट टेबलांवर येत होतं. ती पश्चिम होती.

काचेजवळ डोक्यावर ओढणी घेऊन बसलेल्या बाईंनी विचारलं, “तू एसीवाली ना गं? कुठल्या गाढवाने इथे काच लावली?”

“हो, एसीवाली,” मी म्हणाले आणि एसी सोळावर टाकला.