दोन चौकश्या

१९९७ च्या पावसाळ्यात एका परदेशी बँकेने माझा क्रेडिट कार्डाचा अर्ज नाकारला. पत्र तीन ओळींचे होते. अर्जातील माहिती पडताळणीत जुळली नाही, त्यामुळे बँक सध्या कार्ड देऊ शकत नाही, अर्ज केल्याबद्दल आभार. कोणती माहिती जुळली नाही, ते लिहिलेले नव्हते.

सांगलीजवळचे आष्टा सोडून मला तेव्हा सहा वर्षे झाली होती. निघाले त्या सकाळी वडिलांनी माझी ट्रंक एसटीच्या टपावर स्वतः चढवली. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढल्यामुळे कंडक्टरने बांधलेला दोर त्यांना पटला नाही. त्यांनी तो सोडून पुन्हा बांधला आणि गाडीला उशीर झाला. आई खिडकीखाली उभी होती. तिने तब्येतीचे, जेवणाचे काही सांगितले नाही. "पत्ता समद्यास्नी हितलाच दे," एवढेच म्हणाली. "भाड्याच्या खोलीचं काय, आज हाय, उद्या न्हाई." गाडी इस्लामपूरच्या रस्त्याला लागेपर्यंत ती हात न हलवता उभी होती.

मी तसेच केले. पुण्यात वर्तमानपत्रात नोकरी लागली, कर्वेनगरला एका बंगल्यामागची खोली मिळाली, पुढे खोल्या दोनदा बदलल्या. पण ऑफिसच्या कागदांवर, बँकेच्या पासबुकावर आणि पुढे कार्डाच्या अर्जावरही कायमचा पत्ता आष्ट्याचाच राहिला. त्या पत्त्यात 'बुद्ध विहाराजवळ' हे दोन शब्द आहेत. आष्ट्यात त्यांची गरज पडत नसे. वडिलांचे नाव आणि गाव एवढ्यावर पत्र घरी पोचायचे. पोस्टमन दारात थांबून आतले वाचून दाखवायलाही तयार असायचा. पुण्यात पत्राला घरमालकाचे नाव, बंगल्याचे नाव आणि 'मागील बाजूस' लागायचे, तरीही ते कधी शेजारच्या बंगल्यात पडायचे.

कार्डाची हौस नव्हती. आमच्या वर्तमानपत्राचे व्यवस्थापन बदलले होते आणि दौऱ्यावर जाणाऱ्या बातमीदारांना रोख उचल देणे बंद झाले होते. हॉटेलचे बिल बातमीदाराने स्वतःच्या कार्डावर भरायचे, नंतर ऑफिस ते चुकते करणार. निवडणुकीची चर्चा सुरू होती आणि दौऱ्यावरच्या बातमीदारांची नावे दिवाळीनंतर ठरणार होती. वृत्तसंपादकांनी मला बोलावून सांगितले, "तुमचं नाव मी धरलंय. पण कार्ड नसेल तर डेस्कवरच बसावं लागेल. माझ्या हातात नाही ते." सहा वर्षे मी इतरांनी पाठवलेल्या बातम्यांना मथळे देत आले होते. गावोगाव जाऊन स्वतः लिहिण्याची ती पहिली संधी होती.

नकाराचे पत्र आल्यावर मी कारण शोधायला लागले. बातमी शोधतात तसेच. बँकेच्या कॅम्पातल्या शाखेत गेले. तिथला अधिकारी सौजन्याने बोलला. "मॅडम, कारण सांगण्याचं आमच्यावर बंधन नसतं." मी हलले नाही, तेव्हा त्याने फाईल उघडून पाहिली आणि मिटली. "पडताळणी बाहेरची एजन्सी करते. त्यांचा शेरा नकारात्मक आहे. तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज करा."

अर्थपुरवणी पाहणारे बापट हसले. "तीन जातींना बँका कार्ड देत नाहीत. पोलीस, वकील आणि पत्रकार. वसुलीला माणूस गेला तर पहिला त्याला आत टाकतो, दुसरा कोर्टात खेचतो आणि तिसरा छापतो." त्यांच्या खिशात मात्र कार्ड होते. मी तसे म्हटल्यावर ते म्हणाले, "माझा फ्लॅट आहे ना स्वतःचा."

घरमालकिणीकडे चौकशीचा माणूस येऊन गेला होता. तिने काय सांगितले ते विचारले. "खरं तेच सांगितलं. रात्री उशिरा येते, पण ऑफिसच्या गाडीनं येते. भाडं वेळेवर देते." त्यात न जुळण्यासारखे काही नव्हते.

मग उरलेली कारणे मनात फिरू लागली. भाड्याची खोली. स्वतःच्या नावावर नसलेला टेलिफोन. एकटी बाई. आणि 'बुद्ध विहाराजवळ'. या शेवटच्या कारणाबद्दल मी कोणाशी बोलले नाही. त्याला पुरावा नव्हता, आणि ते नाही याचाही पुरावा नव्हता. डेस्कवर काम करताना दुसऱ्याच्या मजकुरातले नाव चुकू लागले.

सप्टेंबरात सुट्टी काढून घरी गेले. चप्पल काढायच्या आत आईने विचारले, "पुण्याला तुला भेटाय कोण आलं व्हतं का?"

"कोण?"

"पावनं."

ती लगेच सांगायला लागली नाही. पाणी दिले, भाकरी वाढली, आणि मी पहिला घास घेतल्यावर सुरुवात केली. जुलैत सांगलीहून मोटारसायकलवर एक माणूस आला होता. नीटनेटका, हातात फाईल. "चौकशीला आलोय," म्हणाला.

"कसली चौकशी, ते विचारलं नाहीस?"

"आता ते इचारत्यात व्हय?" आई म्हणाली. "तुझं नाव, वय, शिक्षण, लगीन झालंय का, घरात माणसं किती, घर सोताचं का भाड्याचं, तुला पगार काय. असं कोण इचारतं, तूच सांग."

आमच्याकडे मुलगी पाहायला येण्याआधी मुलाकडचे लोक तिसऱ्याच माणसाला पाठवतात. तो काहीतरी निमित्त काढून घरी येतो, मग शेजारी जातो, मग कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा पितो. तू कोणाकडून आलास, असे त्याला विचारायचे नसते. विचारले तर मुलीकडची माणसे उतावीळ दिसतात. त्याला चहा द्यायचा आणि मुलीचे वय थोडे कमी सांगायचे. नोकरी असेल तर तिचा फार गाजावाजा करायचा नाही. हे सगळ्यांना ठाऊक असते, विचारणाऱ्यालाही.

"मग तू काय सांगितलंस?"

"वय सव्वीस सांगितलं." मी अठ्ठावीस पूर्ण केली होती. "नोकरीचं म्हणलं, करती आपली हौस म्हणून, लगीन ठरलं की सोडणार. रातपाळीचं मी काढलंच न्हाई. पेपरात काम करती म्हणलं की लोक दचकत्यात, बाय."

शेजारच्या इंदूकाकी भिंतीपलीकडून ऐकत होत्या, त्या आत आल्या. "मी बी लय चांगलं सांगितलं गं. पोरगी उंबऱ्याच्या भायेर पडत न्हाई म्हणलं. तो म्हणला, पुण्याला असती न्हवं? म्हणलं, कवातरी जाती मावशीकडं, चार दिस ऱ्हाती आन् येती."

तिला मावशी कुठली आली पुण्यात, असे वडील खाटेवरून म्हणाले. "आवं, त्याला काय म्हाईत?" काकींनी उत्तर दिले.

त्या माणसाने शिरा दोनदा घेतला होता. वडील त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेले होते. त्यानंतर दोन महिने आई निरोपाची वाट पाहत होती. विहारात कोणी अनोळखी दिसले की ती पदर सारखा करायची. निरोप आला नाही तेव्हा तिने कारणे शोधायला सुरुवात केली. माझा चष्मा. माझा रंग. घरावर स्लॅब नसणे. वय लपवल्याचे शाळेतून कळले असेल का, हे विचारायला ती माझ्या जुन्या बाईंकडेही जाऊन आली होती.

"न्हाई म्हणायचं तर म्हणा की," ती म्हणाली. "पर कारण तरी सांगावं का न्हाई मानसानं? कारण कळलं म्हंजी झोप तरी लागती."

मी पिशवीतून बँकेचे पत्र काढून वडिलांना दिले. ते इंग्रजीत होते. त्यांनी चष्मा लावून ते मनात वाचले, मग मोठ्याने, मग मराठीत सांगितले.

"म्हंजी तो बँकेचा मानूस व्हता व्हय?" इंदूकाकी म्हणाल्या.

"आन् मी साजूक तुपातला शिरा घातला त्याला," आई म्हणाली.

वडील हसायला लागले. ती हसली नाही. तिने पत्र हातात घेतले, वाचता येत नसताना बराच वेळ पाहिले. "म्हंजी त्या पावन्यांनी न्हाई म्हणलंच न्हाई तुला," म्हणाली. मग पत्राची घडी घालत, "पावनं न्हवतंच."

मी त्यांना दौऱ्याचे सांगितले. दिवाळीपर्यंत कार्ड आले नाही तर नाव गळेल, दुसरा अर्ज लगेच करायला लागेल, त्यासाठी माणूस पुन्हा येईल. तीन महिने थांबण्याएवढा वेळ नव्हता, म्हणून या वेळी अर्ज दुसऱ्या बँकेत करणार होते.

"काय सांगायचं त्याला?" वडिलांनी विचारले.

"जे आहे ते."

"समदं?" आई म्हणाली.

"सगळं."

"वय बी? रातपाळी बी?" ती थांबली. "आन् तो खराच स्थळाचा निघाला तर?"

बँकेचा माणूस बँकेचे नाव सांगेलच असे नाही, हे मला कॅम्पातल्या अधिकाऱ्याने सांगितले होते. आई उठून भांडी घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर ती आली नाही. गुडघा दुखतो म्हणाली. वडील आले.

पुढचे मला इंदूकाकींकडून कळले. ऑक्टोबरात एकाच आठवड्यात दोन माणसे घरी आली. एक मोटारसायकलवर, दुसरा पायी, स्टँडकडून. दोघांकडे फाईल होती. दोघेही म्हणाले, चौकशीला आलोय. आईने दोघांनाही कुठून आलात ते विचारले नाही. काकी मध्ये बोलायला लागल्या तेव्हा तिने त्यांना, "तू गप बस गं," म्हणून दारातच थांबवले.

दोघांनाही तिने तेच सांगितले. वय अठ्ठावीस, एकोणतिसावं लागलंय. पेपरात नोकरी हाय, कायमची. रातपाळी असती. लगीन झालं तरी सोडणार न्हाई. घर सोताचं हाय, स्लॅब न्हाई. मुलगी इथेच राहते का, असे दोघांनी विचारले. काकी सांगतात की दोन्ही वेळा ती जरा थांबली. मग म्हणाली, "न्हाई. पुण्याला ऱ्हाती. आता तिकडचीच झाली ती. सणासुदीला येती."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कार्ड पुण्याच्या पत्त्यावर आले. पाकीट या वेळी शेजारच्या बंगल्यात पडले नाही. दौऱ्याच्या यादीत माझे नाव लागले.

त्या दोघांतल्या दुसऱ्या माणसाकडून आईला निरोप आला नाही.